सहा सिलिंडर आणि केशकालचा घाट

रायपूरहून जगदलपूरकडे जाणारा रस्ता धमतरी आणि कांकेर ही गावे मागे टाकून पुढे गेला, की सपाटीचा कंटाळा आल्याप्रमाणे एकाएकी डोंगराच्या अंगावर चढू लागतो. हा केशकालचा घाट. बारा वळणांमुळे त्याला 'बारा भांवर' असेही म्हणतात. वाटेत तेलीन सतीचे देऊळ लागते. तिथे गाडी थांबवून नारळ वाढविल्याशिवाय पुढे जाऊ नये, असा ड्रायव्हर मंडळींचा संकेत आहे. यात श्रद्धेचा भाग आहेच. पण जुन्या काळच्या लॉऱ्यांच्या दृष्टीने पाहिले तर त्या थांब्याने आणखीही एक काम साधत असे. तापलेले इंजिन थोडे निवत असे आणि रेडिएटरमध्ये पाणी घालायला सवड मिळत असे.

या घाटातले एक दृश्य जुन्या माणसांच्या बोलण्यात वारंवार येते. साल लाकडाच्या ओंडक्यांनी भरलेली लॉरी माणसाच्या चालीने वर चढत आहे, आणि तिच्या मागच्या चाकाजवळून क्लीनर हातात लाकडी ठोकळा घेऊन चालला आहे. इंजिनाने दम सोडला, की गाडी मागे घरंगळण्याच्या आत तो ठोकळा त्याने चाकाखाली सारायचा. त्या एका क्षणावर गाडी, माल आणि कदाचित माणसांचे प्राणही अवलंबून असत. क्लीनरचे वय बहुधा पंधरा-सोळा वर्षांचे असे.

'गाडी ओढत नाही' ही मोटारवाल्यांची सर्वांत जुनी तक्रार. गाडी सुरू होते, उभ्या जागी नीट गुरगुरते, सपाटीवर चालतेही. पण चढ आला की बसते. माझा व्यवसाय फायलींचा आणि अभ्यास इतिहासाचा. असे असूनही गेल्या पावसाळ्यात एका जुन्या ट्रकच्या निमित्ताने या तक्रारीच्या मागे लागण्याचा योग आला, आणि ध्यानात आले ते हे, की तक्रार तीच राहिली असली तरी तिचे कारण प्रत्येक काळात निराळे आहे. कोणत्या सालच्या इंजिनाचे बळ कशाने गेले हे विचारीत गेले, तर आपल्या मध्य प्रांताचा शंभर वर्षांचा इतिहास हाती लागतो. गॅझेटियरात रस्त्यांचे मैल मोजलेले सापडतात. त्या रस्त्यांवर गाड्या कशा दमत होत्या, ते मात्र मिस्त्रींनाच विचारावे लागते.

प्रथम या इंजिनाची ओळख करून घेऊ. एका ओळीत सहा सिलिंडर, त्यांत सहा पिस्टन, आणि खाली त्या सर्वांचे बळ एकत्र करणारा एक लांब क्रँक. क्रँकच्या दोन फेऱ्यांत सहाही सिलिंडर एकेकदा पेटतात. पहिला, पाचवा, तिसरा, सहावा, दुसरा, चौथा असा त्यांचा रूढ क्रम आहे. क्रँकचा तिसरा हिस्सा फिरला, की नवा धक्का मिळतो. तीन पिस्टनांच्या हालचालीने निर्माण होणारा हिसका उरलेल्या तिघांच्या हालचालीत जिरून जातो, म्हणून हे इंजिन थरथरत नाही. वऱ्हाडातल्या काळ्या जमिनीत नांगराला तीन जोड्या जुंपल्या, की नांगर जसा सरळ चालतो, तसे हे आहे. आणि बैलांप्रमाणेच येथेही एक धोका असतो. सहांपैकी एकाने अंग चोरले तर उरलेले पाच त्यालाही ओढतात, आणि हाकणाऱ्याला ते लवकर कळत नाही. चार सिलिंडरांच्या इंजिनात एक मेला तर गाडी लगेच लंगडते. सहांत एक मेला तर ती नुसती थोडी उदास होते.

अशी इंजिने महाग, म्हणून आरंभी ती श्रीमंतांच्या मोटारींपुरतीच होती. १९२९ साली अमेरिकेच्या शेवरले कंपनीने चार सिलिंडरांच्या किमतीत सहा सिलिंडर देऊ केले आणि लॉरीचे जग पालटले. त्याच्या आदल्याच वर्षी, १९२८ मध्ये, जनरल मोटर्सने मुंबईत शिवडीला गाड्या जोडण्याचा कारखाना काढला होता. तो १९५४ पर्यंत चालला. त्याच कंपनीच्या इंग्रज शाखेने १९३१ पासून 'बेडफर्ड' नावाचा ट्रक काढला. त्याचेही इंजिन सहा सिलिंडरांचे, पेट्रोलवर चालणारे. पुढच्या काळातील बेडफर्डच्या साडेतीन लिटरच्या इंजिनाची शक्ती मिनिटाला ३,००० फेऱ्यांवर ७२ अश्वशक्ती होती. १ जून १९४८ रोजी अहमदनगरहून पुण्याला राज्य परिवहनाची पहिली गाडी निघाली, ती बेडफर्डच होती. महाराष्ट्रातल्या एस.टी.चा जन्म याच घराण्यातल्या इंजिनाच्या आवाजात झाला.

रायपूर तेव्हा नागपूरच्या कारभाराखाली होते. १८६१ मध्ये मध्य प्रांत स्थापन झाला तेव्हापासून १९५६ च्या नोव्हेंबरात विदर्भ वेगळा होईपर्यंत नागपूर आणि रायपूर ही एकाच राज्यातली शहरे होती. या काळात मराठी कारकून, शिक्षक, वकील आणि अंमलदार येथे येऊन राहिले. भोसल्यांच्या वेळी आलेली घराणी तर त्याहून जुनी. आगगाडी रायपूरहून पुढे हावड्याकडे गेली, आणि दक्षिणेला एक अरुंद फाटा १९०० च्या सुमारास धमतरीपर्यंत पोचला. धमतरीला रूळ संपत. त्यापुढे बस्तर संस्थान, म्हणजे सालाची अरण्ये, लाख, हिरडा, तेंदूची पाने आणि रेल्वेला लागणारे स्लीपर. हा सारा माल घाट उतरून रुळापर्यंत आणायचा आणि मीठ, कापड, रॉकेल घाट चढवून न्यायचे. हे काम बैलगाड्यांकडून लॉऱ्यांनी घेतले. केशकालचा घाट हा त्या सहा सिलिंडरांचा परीक्षक होता. तो कोणाला वशिल्याने पास करीत नसे.

हिशेब करून पाहण्यासारखा आहे. समजा, मालासह साडेसात टनांची गाडी पंधरास एक अशा चढावर आहे. तिला मागे खेचणारे ओझे ५०० किलोचे. त्यात चाकांच्या घर्षणाचे सव्वाशे किलो मिळवा. ताशी १५ किलोमीटरने हे ओढायचे तर चाकांपाशी सुमारे ३५ अश्वशक्ती लागते, आणि गिअर व धुरे आपला वाटा घेतात तो धरून इंजिनापाशी चाळिसाच्या वर. इंजिन नव्वदाचे असेल तर चिंता नाही. त्याचे निम्मे बळ हरवले असेल तर ते सपाटीवर कोणाला जाणवत नाही. घाटात मात्र गाडी आणि ठोकळा यांच्यामध्ये चारदोन अश्वशक्तींचेच अंतर उरते.

या इंजिनांचे बळ सर्वांत प्रथम हरपले ते दुसऱ्या महायुद्धात, आणि त्यात इंजिनाचा काही दोष नव्हता. १९४१ मध्ये पेट्रोलचे नियंत्रण आले. खाजगी बसगाड्यांना आणि लॉऱ्यांना कूपनांवर मिळणारे पेट्रोल पुरेना, तेव्हा गाडीच्या मागे किंवा बाजूला एक उभी लोखंडी टाकी बसली. तिच्यात लाकडी कोळसा अर्धवट जाळायचा, निघालेला वायू गाळायचा, थंड करायचा आणि पेट्रोलच्या वाफेऐवजी तोच सिलिंडरांत सोडायचा. मध्य प्रांतात कोळशाला तोटा नव्हता. पण या वायूत निम्म्याहून अधिक भाग निरुपयोगी नायट्रोजनचा असतो. सिलिंडर भरतो, पण पोट भरत नाही, अशी अवस्था. इंजिनाचे बळ तिसऱ्या हिश्शापासून निम्म्यापर्यंत घटत असे. हा वायू सावकाश जळतो, म्हणून चतुर मिस्त्री ठिणगी थोडी आधी पाडण्याची व्यवस्था करीत. चतुर ड्रायव्हर कूपनाचे पेट्रोल सपाटीवर वाचवून घाटासाठी राखून ठेवीत. इतके करूनही गाडी बसली तर उतारू खाली उतरून ती ढकलीत. तिकिटाचे पैसे देऊन गाडी ढकलण्याचा हा अनुभव आमच्या आजोबांच्या पिढीने पुरेपूर घेतला, आणि ती मंडळी त्याच्या हकिकती पुढे कौतुकाने सांगत.

युद्ध संपले, पुढे पेट्रोल मिळू लागले. पण गेलेले बळ परत आले नाही, हा भाग फारसा कोणी सांगत नाही. गाळणी चांगली नसली की कोळशाची राख वायूबरोबर सिलिंडरांत जाई आणि पिस्टन वर-खाली होताना भिंती घाशीत राही. डांबरासारखा चिकटा व्हॉल्व्हच्या दांड्यांवर बसे. रिंगा झिजल्या, व्हॉल्व्ह नीट मिटेनासे झाले, आणि दाबला जाणारा वायू कडेने निसटू लागला. म्हणजे १९४३ मध्ये गाडी ओढत नव्हती ती इंधनाने, आणि १९४७ मध्ये ओढत नव्हती ती त्या इंधनाने मागे ठेवलेल्या जखमांनी. त्या काळच्या शेवरलेत बेअरिंगांना तेल पोचविण्यासाठी क्रँकच्या दांड्यांना जणू चमचे लावलेले असत. ते तेलात बुडत आणि तेल उडवीत. असे इंजिन चढावर खालच्या गिअरात तासभर पिळले, तर बेअरिंगचा पांढरा धातू वितळे. म्हणून ड्रायव्हर ते पिळत नसत. गाडी कमी ओढते याचे एक कारण कधी कधी ड्रायव्हरची भीती हेही होते, आणि ती भीती शहाणपणाची होती.

याच सुमारास 'डिस्पोजल'चा माल बाजारात आला. ब्रह्मदेशाच्या आघाडीसाठी आणि लेडोहून चीनकडे जाणाऱ्या रस्त्यासाठी अमेरिकेने हिंदुस्थानात अक्षरशः ट्रकांचा पूर आणला होता. त्यांत जी.एम.सी.चा अडीच टनी, दहा टायरांचा, सर्व धुऱ्यांना बळ पोचविणारा ट्रक विशेष प्रसिद्ध. १९४१ ते १९४५ या काळात असे पाच लाखांहून अधिक ट्रक तयार झाले. त्याचे इंजिन एका ओळीतल्या सहा सिलिंडरांचे, सुमारे ४.४ लिटरचे, मिनिटाला २,७५० फेऱ्यांवर सुमारे ९१ अश्वशक्ती देणारे. युद्ध संपल्यावर ते परत नेणे परवडण्यासारखे नव्हते. ज्यांना जंगलात, रस्ता नसलेल्या ठिकाणी लाकूड ओढायचे होते, त्यांना ते वरदान वाटले. पुढे १९५४ पासून जमशेदपूरला टाटांचा मर्सिडीज-बेंझ डिझेल ट्रक बनू लागला; १९५८ मध्ये दंडकारण्य प्रकल्प सुरू झाला; १९५९ मध्ये भिलाईची पहिली भट्टी पेटली; आणि पेट्रोलची लॉरी हळूहळू मागे पडली. टाटांच्या त्या ट्रकातही सहा सिलिंडर एका ओळीतच होते, हे जाता जाता सांगायला हवे.

आता मूळ हकिकतीकडे वळतो. रायपूरहून धमतरीच्या वाटेवर एका भातगिरणीच्या मागे टिनाच्या छपराखाली असा एक जी.एम.सी. उभा आहे. मालकांचे वय ऐंशीच्या पुढे. त्यांच्या वडिलांनी तो डिस्पोजलमध्ये घेतला आणि वर्षानुवर्षे बस्तरमधून स्लीपर उतरविले. पहिली खेप सुखरूप झाली तेव्हा वडिलांनी तेलीन सतीला नारळ वाढविला होता. आपणही एकदा याच गाडीने घाट चढून तो वाढवावा, एवढी त्यांची इच्छा. त्यासाठी त्यांनी एका मोठ्या कारखान्यात इंजिन खोलून घेतले. नवे पिस्टन, नव्या रिंगा, घासून बसविलेले व्हॉल्व्ह. खर्च पुष्कळ झाला. गाडी पहिल्या हाकेला सुरू होऊ लागली. पण ओढण्याचे नाव नाही. ताशी चाळीस किलोमीटरच्या पुढे जायला नकार, आणि साध्या पुलाच्या चढावर धाप. कारखान्याने निर्वाळा दिला, की लोखंड थकले आहे, आता याहून अधिक होणार नाही. घरातल्या तरुण मंडळींनी भंगारवाल्याचा भाव विचारून ठेवला होता. मालकांना हे ठाऊक होते. ते त्याविषयी बोलत नसत.

मग एका वृद्ध मिस्त्रीला बोलावण्यात आले. त्याची दृष्टी मंदावली होती, म्हणून तो बरेचसे काम कानांनी आणि बोटांनी करी. त्याची पद्धत पाहताना मला आमच्या खात्यातल्या एका जुन्या वरिष्ठांची आठवण झाली. तक्रारअर्ज आला की ते सर्वांत आधी विचारीत, 'मुळात घडले आहे काय?' मिस्त्रीनेही प्रथम इंजिनाला हात लावला नाही. बळ निर्माणच होत नाही, की निर्माण होऊन वाटेत कोणी खाते आहे, हे त्याने आधी पाहिले. चाके जॅकवर उचलून हाताने फिरविली. ब्रेक धरत नव्हते. वरच्या गिअरात घालून, ब्रेक दाबून क्लच सोडला. इंजिन बंद पडले, म्हणजे क्लच घसरत नव्हता. मग मालकांना पेडल तळापर्यंत दाबायला सांगून त्याने कार्ब्युरेटरचा दांडा बोटांनी चाचपला. तो पूर्ण उघडत होता. या एका गोष्टीकडे निम्मे लोक पाहतच नाहीत, असे तो म्हणाला. पेडलाखाली दुमडलेला गालिचा आणि त्यापायी उघडलेले इंजिन, असे प्रकार त्याने पाहिले होते.

त्यानंतर इंजिन चालू ठेवून, लाकडी मुठीच्या पेचकसाने एकेका प्लगची ठिणगी तो जमिनीला पोचवू लागला. ज्या सिलिंडराची ठिणगी तोडली असता इंजिनाचा आवाज पडत नाही, तो अंग चोरणारा. सहाही वेळा आवाज सारखाच पडला. सिलिंडरांतला दाब त्याने मोजला. तो सहांत जवळजवळ समान आणि भरपूर होता. कारखान्याने आपले काम प्रामाणिकपणे केले होते. ठिणगीची वेळ बरोबर, फेऱ्या वाढतील तशी ती पुढे सरकविणारी वजने मोकळी, सायलेन्सरच्या तोंडाशी धुराचा रेटा ठीक. टॅपेटांच्या फटी त्याने दोनदा मोजल्या, आणि तसे करण्याला कारण होते. पेट्रोलमधले शिसे १ फेब्रुवारी २००० पासून देशभर बंद झाले. लोकांच्या आरोग्याच्या दृष्टीने ते व्हायलाच हवे होते. पण त्या शिशाचा एक पातळ थर धुराच्या व्हॉल्व्हला आणि त्याच्या बैठकीला उशीसारखा सांभाळीत असे. तो गेल्यावर मऊ ओतीव लोखंडाच्या बैठकी असलेल्या जुन्या इंजिनांत व्हॉल्व्ह हळूहळू आत रुतू लागले. टॅपेटची फट नाहीशी होते, व्हॉल्व्ह पुरता मिटत नाही, आणि गाडीचा दम जातो. येथे तसे काही झालेले नव्हते.

संध्याकाळ झाली, पाऊस आला. मिस्त्री म्हणाला, एक फेरी मारू. पुलाच्या चढावर मालकांनी पेडल तळाला टेकविले; गाडी कण्हत चढू लागली. समोरच्या काचेवर पावसाची झोड उठली होती आणि वायपर झपाझप हलत होता. मालक अभिमानाने म्हणाले, 'बाकी काहीही म्हणा, हिचा वायपर कधी थांबत नाही.' मिस्त्रीने मान वळवली. तो काही क्षण वायपरचा आवाज ऐकत राहिला, आणि मग म्हणाला, 'साहब, इंजन बीमार नहीं है। बँधा हुआ है।'

हे वाक्य उलगडून सांगितले पाहिजे. या ट्रकचा वायपर विजेवर चालत नाही. इंजिन हवा आत ओढते तेव्हा मॅनिफोल्डमध्ये जी पोकळी निर्माण होते, तिच्यावर चालतो. पेडल सोडलेले असते तेव्हा हवेचे दार मिटलेले असते आणि पोकळी मोठी असते. वायपर जोरात हलतो. पेडल पुरते दाबले, दार सताड उघडले, की हवा मोकळी आत येते, पोकळी जवळजवळ नाहीशी होते आणि वायपर मरगळतो. जुन्या ड्रायव्हरांची ही नित्याची अडचण होती. ऐन घाटात, ऐन पावसात वायपर थांबे आणि क्लीनर बाहेर वाकून हाताने काच पुशी. या गाडीचा वायपर मात्र पूर्ण पेडलावरही जोमात होता. याचा अर्थ एकच, की कार्ब्युरेटरचे दार उघडे असूनही हवा आत येत नाही; वाटेत आणखी एखादे दार आहे आणि ते बंद होत आहे. दुसऱ्या दिवशी वायपरच्याच नळीला पोकळीमापक जोडून तोच चढ चढलो. पूर्ण पेडलावर काटा शून्याच्या जवळ यायला हवा होता. तो नऊ इंचांवर उभा होता.

ते दुसरे दार सापडायला मग वेळ लागला नाही. कार्ब्युरेटर आणि मॅनिफोल्ड यांच्या मध्ये एक चपटी पेटी होती. कारखान्याच्या लोकांनी ती बाहेरून स्वच्छ पुसून होती तशी परत बसवली होती. तो गव्हर्नर. युद्धात नवखे सैनिक गाड्या बेफाम पळवीत. इंजिने टिकावीत म्हणून २,७५० फेऱ्यांच्या वर ते जाऊच नये, अशी योजना होती. पेटीत एक झडप असते. आत जाणाऱ्या हवेचा झोत तिला मिटवू पाहतो आणि एक स्प्रिंग तिला उघडी धरते; वेग मर्यादेबाहेर गेला की झोताचा जय होतो. मर्यादा कोणी बदलू नये म्हणून तारेला शिशाचे सील ठोकलेले. ते सील अजून शाबूत होते. ज्या लष्कराने ते लावले ते १९४६ मध्ये घरी गेले, ज्या राज्याच्या हद्दीत ते होते ते राज्य गेले, संस्थान गेले, प्रांताचे नाव दोनदा बदलले; सील जागेवर. सरकारी नोकरीत वीस वर्षे काढलेल्या माणसाला याचे नवल वाटत नाही, पण थोडे भरून आले हे खरे. स्प्रिंग मात्र पाऊणशे वर्षांत थकली होती. झोताला ती २,७५० ऐवजी पंधरा-सोळाशे फेऱ्यांवरच शरण जात होती, आणि नव्वद घोड्यांपैकी निम्मे तबेल्यातच उभे राहत होते.

मिस्त्रीने परीक्षेपुरती झडप तारेने उघडी बांधली आणि गाडी पुन्हा चढावर घातली. या वेळी वायपर मंदावला. त्याच्या मंदावण्याचा एवढा आनंद झालेली माणसे मी प्रथमच पाहिली. पण अर्ध्या चढावर कार्ब्युरेटरातून फटफट आवाज येऊ लागले. इंजिन खोकत होते. पहिला दोष दूर झाल्यावरच दुसरा बोलू लागला होता. हा दोष आजच्या काळाचा. आपल्या पेट्रोलमध्ये आता वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. २०३० साठी ठरविलेले हे उद्दिष्ट २०२५ मध्येच गाठले गेले. इथेनॉलमध्ये प्राणवायू अंगचाच असतो, त्यामुळे तेवढ्याच हवेला इंधन अधिक द्यावे लागते. शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला हवेचे पावणेपंधरा भाग पुरतात. या मिश्रणाला साडेतेराच्या आसपास. नव्या गाड्या हे स्वतः ओळखून इंधन वाढवितात. जुन्या कार्ब्युरेटरचे भोक पितळेचे. त्याला कोण सांगणार? मिश्रण विरळ होते, सावकाश जळते आणि चढावर खोकला येतो. त्यातही टोकाच्या सिलिंडरांना, म्हणजे पहिल्याला आणि सहाव्याला, आधी. कारण कार्ब्युरेटर मध्यभागी आणि ही दोन घरे गावाबाहेर. त्यांचे प्लग पांढरे पडले होते, मधल्यांचे बदामी होते. मिस्त्रीने जेट थोडा मोठा केला, मॅनिफोल्डच्या टोकांचे बोल्ट आवळले, आणि पेट्रोलपंपाचा जुन्या रबराचा पडदा बदलला, कारण इथेनॉल तो खाऊन टाकते.

मधल्या काळातले एक कारण त्याने कामाच्या ओघात सांगितले. रेशनचे रॉकेल स्वस्त आणि पेट्रोल महाग, या दोन भावांच्या मधल्या फटीत कित्येक वर्षे भेसळीचा धंदा चालला. रॉकेल मिसळलेल्या पेट्रोलवर इंजिन खणखणते. तो आवाज थांबविण्यासाठी मिस्त्री ठिणगी मागे ओढी, आणि ठिणगी मागे ओढली की बळ जाई. 'कितने इंजन हमने खोल डाले, बीमारी पंप पर थी,' असे तो म्हणाला आणि गप्प झाला. आपण उगाच उघडलेल्या इंजिनांचा हिशेब प्रत्येक मिस्त्रीच्या मनात कुठेतरी असावा.

आता गव्हर्नरचे काय करायचे, असा प्रश्न उभा राहिला. घरातल्या तरुणांचे मत, ती पेटी काढून टाकावी. बळ आणखी वाढेल. मिस्त्रीने नकार दिला. इतका लांब क्रँक, इतके जड पिस्टन. त्यांना बांधणाऱ्यांनी मर्यादा घातली ती विचार करूनच. उतारावर खालच्या गिअरात कोणी भान सोडले तर दांडा इंजिन फोडून बाहेर येईल. मालकांनी वेगळेच कारण सांगितले. वडिलांनी हे सील पाहिले होते, आणि 'हे तोडील त्याची नोकरी गेली,' असे ते ड्रायव्हरांना सांगत. घाटात त्यांनी एक लॉरी आणि एक माणूस गमावला होता. ही गोष्ट त्या दिवशी घरातल्यांनीही प्रथमच ऐकली. मिस्त्रीने योग्य ताणाची स्प्रिंग वळवून आणली, तीन दिवस खपून ती २,७५० ला बसविली, आणि पेटी पूर्वीच्या जागी गेली.

भाद्रपदात पावसाने उघडीप दिली तेव्हा आम्ही केशकालला गेलो. गाडी रिकामीच होती, म्हणून परीक्षा सोपी होती हे कबूल केले पाहिजे. तिसऱ्या गिअरात ती वर चढली, एका वळणावर दुसऱ्यात आली, आणि देवळापाशी थांबली तेव्हा पाण्याच्या काट्याने लाल खूण गाठलेली नव्हती. मालकांनी नारळ वाढविला. नातू मागच्या चाकाला ठोकळा लावून उभा होता. तसे त्याला कोणी सांगितले नव्हते.

परतताना मिस्त्रीने मला बाजूला घेतले. जुने सील तोडावे लागले होते. नव्या तारेला गाठ मारून त्याने शिसेही ओतून ठेवले होते, पण त्यावर ठसा नव्हता. सील लावायचे तर ते सरकारी माणसाच्या हातचे असावे, असे त्याचे म्हणणे. माझ्याजवळ ठसा नव्हता आणि अधिकार तर मुळीच नव्हता. शेवटी त्याने पक्कड पुढे केली आणि मी ते मऊ शिसे तिच्या दातांत धरून दाबले.